वाकडं टांगलेलं गेट

हायवेच्या कडेला सापडलेली एक चप्पल. तारेनं उघडलेलं कुलूप. यासीनच्या वर्कशॉपमधला, वामन मिस्त्रींनी दिलेला जुना हातोडा. टेम्पोत आडवं पडलेलं अवजड लोखंडी गेट.

“कुलपाला बाबा जुमानत नाहीत, यासीनभाऊ,” मिस्त्रींची मुलगी कुसुम म्हणाली. “पुन्हा हायवेवर गेले, तर ट्रक थांबेलच असं नाही. त्यांना रेटूनही उघडता येणार नाही, असं गेट बसवा.”

गेट कितीही जड असो, एका बोटानं फिरलं पाहिजे, हे यासीनला वामन मिस्त्रींनीच शिकवलं होतं. आज त्यानं गेट सरळ उभं आहे का ते बघायचा ओळंबा पिशवीतून काढलाच नाही. वरची बिजागरी मुद्दाम पुढे घेऊन वेल्ड मारलं. गेटचं टोक झुकलं आणि जमिनीत रुतून बसलं.

संध्याकाळी मिस्त्री अंगणात आले. यासीनला त्यांनी आजही ओळखलं नाही. गेटला त्यांनी आधी एक बोट लावलं, मग तळवा, मग खांदा. गेट हललं नाही. वरच्या बिजागरीवरून त्यांचा हात हळूहळू फिरला.

“कुणी टांगलं रे हे?”

“मीच, उस्ताद.”

“छे! हे कुणा नवख्याचं काम. तू कशाला अंगावर घेतोस?” त्यांनी यासीनची पाठ थोपटली. “त्याला रागावू नकोस हं. उद्या सकाळी आपण दोघं सरळ करू.”

“करू,” यासीन म्हणाला.

हायवेवर सापडले त्या दिवशी मिस्त्रींच्या खिशात फक्त ओळंबा होता.