एका संगणकाचा परवाना

“किती संगणकांवर घातलंत हे सॉफ्टवेअर?” मुख्याध्यापिका नम्रताबाईंनी विचारलं.

“अठरा,” हर्षद सर म्हणाले. “शिवाय दहावीच्या मुलांना घरी वापरायला प्रती दिल्यात.”

संस्थेचे अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. गणिताचं ते सॉफ्टवेअर शाळेनं एकदाच घेतलं होतं, आणि त्याच्या खोक्यावर स्पष्ट छापलं होतं: एका संगणकासाठी. आरे-वारेच्या रस्त्यावरच्या या लहानशा शाळेवर कुणी खटला भरला तर काय, या धास्तीनं अध्यक्षांना दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

“चोरीच म्हणायची ही,” ते म्हणाले.

“परवानगी घेतलेली आहे.”

“कागद कुठाय?”

“ऑफिसातल्या जुन्या संगणकात होता. तो गेल्या पावसात विजेनं जळला.” हर्षद सरांनी नम्रताबाईंकडे पाहिलं. “बाई, तुम्हीच सांगा ना यांना.”

नम्रताबाईंना वाईट वाटलं. या पोरसवदा मास्तरानंच मुलांना गणिताची गोडी लावली होती. पण सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला पाठीशी घातलं नव्हतं.

“मी खोटं बोलणार नाही, सर.”

हर्षद सर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी कोरा कागद मागून घेतला, उभ्याउभ्या राजीनामा लिहिला आणि निघून गेले. त्या राजीनाम्यात नम्रताबाईंना चोरीची कबुलीच उघड दिसत होती.

त्याच दुपारी सगळ्या प्रती पुसल्या गेल्या.

महिन्याभरानं सावर्ड्याच्या एका शाळेतून फोन आला, हर्षद सरांना घ्यावं का म्हणून. जे घडलं ते नम्रताबाईंनी सांगितलं. पुढे कानावर आलं, की शिकवणं सोडून ते मुंबईत कुठल्याशा गोदामात कामाला लागले.

जूनमध्ये दीक्षा मॅडम संगणक शिकवायला आल्या. मुलं एकसारखी तेच सॉफ्टवेअर मागत होती.

“या वेळी रीतसर विचारू या,” नम्रताबाई म्हणाल्या, आणि शेजारी बसून त्यांनी कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मजकूर स्वतः सांगितला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. दीक्षा मॅडम मोठ्यानं वाचू लागल्या: “शाळांना शिकवण्यासाठी हव्या तितक्या प्रती काढायला आमची विनामूल्य परवानगी असते. त्यासाठी फक्त मुख्याध्यापकांचा अर्ज लागतो. आपल्या शाळेचा अर्ज तीन वर्षांपूर्वीच मंजूर झाला आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे.”

“उघडा बघू,” नम्रताबाई म्हणाल्या.

पडद्यावर अर्ज आला. अक्षर हर्षद सरांचं होतं. खाली शाळेचा गोल शिक्का होता, आणि शिक्क्याशेजारी नम्रताबाईंनी स्वतःच्या हातानं केलेली, पार विसरलेली सही.