कोरे कॅमेरे

“हासुद्धा कोराच!” कॅमेरेवाला म्हणाला आणि चौथा, शेवटचा कॅमेरा त्याने पलंगावर ठेवला. आवाजात थोडा आनंद आणायचा त्याने प्रयत्न केला, पण इतके जिने चढून आल्यावर आनंद आणायचा कुठून? गुडघे बोलत होते. पिशवीच्या पट्ट्याने खांदा भरून आला होता. कधी एकदा घरी जाऊन आडवा होतो असं त्याला झालं होतं.

जुने पण न वापरलेले फिल्म कॅमेरे विकत घ्यायचे आणि शौकिनांना विकायचे, हा त्याचा धंदा. तरुण पोरांना सध्या त्यांचं वेड लागलं होतं, म्हणून बरं चाललं होतं. पण ‘न वापरलेला’ या शब्दावर त्याचा काडीचाही विश्वास उरला नव्हता. घरोघरी तेच ऐकायचं, हात लावला नाही हो कुणी, जपून ठेवलाय. आणि मागचं झाकण उघडावं, तर फिल्म घासून घासून आत चरे पडलेले. हसायचं, मान डोलवायची आणि पुढचं घर गाठायचं.

या घरात मात्र कुणी खोटं बोललं नव्हतं. चारही कॅमेरे आपापल्या खोक्यात होते. फिल्म दाबून धरणारी आतली काळी पट्टी चारही ठिकाणी लख्ख, एक चरा नाही. कडेचा स्पंज तेवढा कुजून चिकट झाला होता, पण वयाने तो कुठल्याही कॅमेऱ्यात तसा होतोच.

“घेऊन टाका सगळे,” मुलगी म्हणाली. मुलगी म्हणजे चाळिशी उलटलेली बाई. वडिलांना आपल्या घरी न्यायला आणि ही जागा रिकामी करायला आली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसांत धूळ. “मला यातला एकही डोळ्यांसमोर नकोय.”

वडील खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

“काका भारी हौशी दिसतात,” कॅमेरेवाला आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

“हौशी कसले? पोलीस खात्यात फोटोग्राफर होते. जन्मभर चोराचिलटांचे फोटो काढले, आमचा एक नाही. माझा शाळेचा पहिला दिवस, घरात नवा कॅमेरा. आईचा वाढदिवस, नवा कॅमेरा. खोक्यातून निघायचा, बाबा डोळ्याला लावायचे, आम्ही आपल्या हसत उभ्या. आणि मग परत खोक्यात! विचारलं तर म्हणायचे, उजेड बरोबर नाही.” ती हसली, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. “आई गेली तेव्हा तिचा एक धड फोटो नव्हता घरात. ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो मोठा करून आणला. त्यात आई दिसतच नाही, नुसते ठिपके दिसतात.”

कॅमेरेवाला खोक्याचं झाकण उगाच उघडझाप करत राहिला. दुसऱ्यांच्या घरातलं असलं काही ऐकलं की त्याला आणखीच थकवा यायचा.

“आता माझ्याकडे राहतील,” ती म्हणाली. वडिलांना ऐकू जावं म्हणूनच मोठ्याने म्हणाली. “जेवण, औषधपाणी, कशाचं कमी पडू देणार नाही मी. पण हे एक माफ होत नाही मला. खरंच नाही होत.”

वडील खिडकीबाहेर बघत राहिले.

लवकर आटपावं म्हणून कॅमेरेवाल्याने पहिला कॅमेरा पुन्हा उचलला. पाठ बघून झाली होती, आता फोकस आणि बटण. फोकस बघायला त्याला नेहमी माणसाचा चेहरा लागे, कारण कोऱ्या भिंतीवर काही कळत नाही. समोर जो असेल त्याच्यावर कॅमेरा धरायचा, भिंग फिरवायचं, चेहरा स्पष्ट झाला की बटण दाबून आवाज ऐकायचा. सगळ्या घरांत तो हेच करत आला होता.

“ताई, जरा इकडे बघता का?”

ती वळली. धुरकट चेहरा हळूहळू स्पष्ट होत गेला. त्याने बटणावर बोट ठेवलं.

“तिच्यावर धरू नका!”

खुर्ची धाडकन मागे पडली. वडील धडपडत मधे आले आणि त्यांनी भिंगावर पंजा ठेवला.

“काका, अहो, रिकामा आहे. आत फिल्मच नाही,” कॅमेरेवाला गडबडून म्हणाला.

“माहीत आहे मला.”

“बघितलंत?” मुलीचा आवाज चिरकला. “रिकाम्या कॅमेऱ्यातसुद्धा मी चालत नाही यांना!”

वडिलांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पंजा मात्र भिंगावरच होता.

“चोरांचे फोटो दुसरे लोक काढायचे गं. मला बोलावणं यायचं ते सगळं होऊन गेल्यावर. विहिरीवर, रुळांवर, कडी तोडून उघडलेल्या खोल्यांत.” त्यांना धाप लागली होती. “म्हणून घरासाठी नवा आणायचो. वाटायचं, यानं तसलं काही बघितलेलं नाही, हा घरात चालेल. पण डोळ्याला लावला की समोर तू उभी असायचीस, नाहीतर तुझी आई. हात गळून जायचे माझे.”

“बाबा...”

“माझ्या कॅमेऱ्यासमोर आलेलं एक तरी माणूस उठून घरी गेलंय का, पोरी?”