बंद झालेला माल

“चार हवेत. चालू पाहिजेत. भावाचं नंतर बघू, पार्टी घासाघीस करणारी नाही,” फोनवरचा दलाल म्हणाला आणि त्याने सेन्सरचा नंबर सांगितला.

नंबर ऐकून शोध्या खुर्चीत सरळ बसला. कंपनीने बनवणं कधीच बंद केलेले सेन्सर जुन्या मशीनांसाठी कुठून तरी हुडकून आणायचे, हाच त्याचा धंदा. त्यावरूनच त्याला हे नाव पडलं होतं. एखादा कारखाना शेवटच्या घटका मोजतोय असं कळलं, की हा समाचाराला सगळ्यांत आधी हजर. बाजारातले लोक त्याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हणत, आणि अडलं की त्याच्याच दुकानाची पायरी चढत.

“पार्टी कोण?” शोध्याने विचारलं.

“ते विचारायचं नाही. माल हातात आला की फोन करा. तोवर मीही तिकडे काही बोलत नाही.”

धंद्याचा रिवाजच होता तो. दलाल गिऱ्हाईक सांगत नाही आणि शोध्या माल कुठून आणला ते सांगत नाही.

हा सेन्सर म्हणजे पुड्या भरायच्या मशीनचा डोळा. पाकिटाच्या गुंडाळीवरची काळी खूण त्याला दिसते आणि मशीन बरोबर तिथे कापतं. डोळा गेला की पुडी भलतीकडेच कापली जाते आणि पावडर सगळी जमिनीवर. शोध्याने दिसेल त्याला फोन लावले, दोन बंद पडलेले कारखाने स्वतः जाऊन पाहिले. काही मिळालं नाही. मग एका दुपारी चहा पिता पिता त्याला आठवलं आणि स्वतःचंच हसू आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ताईच्या मशीनला हेच चार डोळे होते.

ताई त्याची सख्खी थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं, दुकान थाटून दिलं. नवऱ्यामागे ती एका शेडमध्ये धुण्याच्या पावडरच्या पुड्या भरायचं काम नेटाने चालवत होती. एक मशीन, हाताखाली तीन बायका आणि त्यांच्या बरोबरीने राबणारी ती. चारही घरांच्या चुली त्या एका मशीनवर पेटत. मशीन म्हातारं होतं, पण ठणठणीत होतं.

शोध्याला मग काही दिवस अन्न गोड लागलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण त्याचं दुकान कित्येक महिने माश्या मारत होतं, आणि माणसाला कारण हवं असलं की ते सापडतंच. ताई थकलीय. तिने आता आराम करावा. मशीन आज ना उद्या बसणारच आहे. त्याला ही सगळी कारणं हळूहळू पटली.

तो शेडवर गेला. ताईने पावडरचे हात पुसत खुर्ची पुढे केली.

“किती वाळलास रे! जेवतोस ना वेळेवर?”

“जेवतो गं. मशीन काय म्हणतंय?”

“बरं आहे. कधीमधी एखादी पुडी तिरकी कापतं. पुसलं की सुधारतं.”

डोळ्याच्या काचेवर पावडर बसते, तेवढंच होतं ते. शोध्याला दारातूनच कळलं होतं. तरी त्याने झाकण उघडलं, टॉर्च मारली आणि चेहरा पाडला.

“ताई, डोळे चाललेत. चारही.”

“मग बदल ना.”

“कंपनीने बंद केलेत. नवे याला चालत नाहीत.”

“जुने? पडले असतील की कुणाकडे.”

“सगळा बाजार पालथा घातला तरी मिळायचे नाहीत.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. “अगदी नक्की? कारण मी तर...” ती थांबली. “जाऊ दे. तुलाच मिळत नाहीत म्हणजे संपलंच. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“आत्ता विकलंस तर भंगाराचा तरी बरा भाव येईल. भरल्या कामात बंद पडलं तर तोंडावर आपटशील.”

तिने मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला. तिन्ही बायका काम सोडून त्यांच्याकडे बघत होत्या.

“यांना काय सांगू रे?”

“मी सांगतो समजावून.”

“बरं. तू म्हणतोस तर तसं करू. तू काय माझं वाईट करणार आहेस?”

दुसऱ्याच दिवशी भंगारवाला आला. मशीन अख्खं दारातून निघेना, म्हणून त्याने ते जागेवरच गॅसकटरने कापलं. त्याआधी शोध्याने चारही सेन्सर स्वतःच्या हाताने काढून घेतले. “आठवण म्हणून राहू देत माझ्याकडे,” ताईने विचारायच्या आतच त्याने सांगून टाकलं. ती बाहेर पायरीवर बसून रडत होती. तिच्या पाठीवरून हात फिरवताना त्याला खरंच वाईट वाटलं.

दुकानात येऊन त्याने काचा पुसल्या आणि एकेक सेन्सर तपासला. चारही उत्तम होते. त्याने दलालाला फोन लावला.

“माल हातात आहे.”

“काय सांगता! चारही? मानलं बुवा तुम्हाला. पार्टीचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले, मी गाडी चालवत होतो, घेता आले नाहीत. आता ही खुशखबरच देतो.”

“आता तरी सांगा, कुठली कंपनी?”

दलाल हसला. “कंपनी कसली हो! एक बाई आहेत, शेडमध्ये पुड्या भरतात. मशीन अजून पुष्कळ वर्षं चालवायचंय, म्हणून चार डोळे जादा घेऊन ठेवायचे होते त्यांना. तुमचंच नाव सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, ‘त्याच्याकडूनच घ्या, पण माझं नाव काढू नका. कळलं तर तो पैसे घ्यायचा नाही, आणि सध्या त्याची फार ओढाताण चाललीय.’”