मी उठली तर

“मी उठली तर पोर पडंल,” अनसूयाबाईंनी सुनेला तिसऱ्यांदा बजावलं आणि गच्चीवर होत्या तिथून तसूभरही हलल्या नाहीत.

ममता कपाळाला हात लावून हसली. खाली सोसायटीच्या कमिटीची मतमोजणी चालली होती आणि तिचा नवरा जितेंद्र निवडणुकीला उभा होता. मॅच रंगात आली की घरात कुणी जागा सोडायची नाही, हा नियम सासूबाई आता निवडणुकीलाही लावत होत्या.

“आई, निदान खुर्चीवर तरी बसा. त्या पाइपवर काय बसलाय!”

“हितंच बसनार. तू आधी ऐक...”

पुढचं ऐकायला ममता थांबलीच नाही. लिफ्ट आली होती.

खाली मांडवात हा किस्सा चहाच्या आधी सगळीकडे पोहोचला. जितेंद्रला तर भरूनच आलं. चाळिशी उलटली तरी आईला आपण अजून ‘पोर’च. “आईला कुणी उठवू नका रे,” तो ऐटीत म्हणाला, “सीट आपलीच!”

इमारतीच्या दुरुस्तीवर देखरेख करणारी इंजिनिअर सुचेताही हसली. खाडीवरून वारा सुटला होता, म्हणून मांडवाच्या चारी खांबांशी वाळूच्या गोण्या लावल्या होत्या. गोण्यांवर निळ्या रंगाचे शिंतोडे होते. सुचेताचं हसू तिथल्या तिथे विरलं.

“या कुठून आणल्या?”

“गच्चीवरून. पोरांनी आत्ताच उतरवल्या. नुसत्याच पडल्या होत्या,” जितेंद्र म्हणाला.

सुचेता लिफ्टकडे धावली. वर कठड्यावर तो लांबलचक पाइप तसाच तिरका टेकलेला होता. बाहेरच्या टोकाला झुला, झुल्यावर रंगारी रोशन, त्याच्या कानात गाणी आणि पायाखाली सात मजले. आतल्या टोकावर गोण्या असायला हव्या होत्या. तिथे अनसूयाबाई पाय पसरून बसल्या होत्या.

सुचेता त्यांच्या शेजारी पाइपवर दाणकन बसली. इतक्या वर्षांच्या नोकरीत ती एवढी घाबरली नव्हती. तिने फोन लावला. “गोण्या वर पाठवा. सगळ्या. आत्ता!”

“शेवटची गोनी नेली न् पाइप हलला. मी लगेच बसली,” अनसूयाबाई शांतपणे म्हणाल्या. “मिठागरात कावडी वायल्यात मी. एका बाजूचा भार काढला तर दुसरी बाजू पडनारच. सांगत व्हती, पन ऐकतंय कोन?”

गोण्या आल्या, पाइपवर नीट रचल्या गेल्या, तेव्हाच त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. तेवढ्यात ममता धापा टाकत वर आली.

“आई, उठलात ना तुम्ही? बघा, हे पडले! तीन मतांनी!”

अनसूयाबाईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं. रोशन मान डोलावत खिडकीची कड रंगवत होता.

“पडू दे त्याला,” त्या म्हणाल्या. “त्याच्या खाली जमीन हाय.”