बिनआवाजाची गाडी

"अठराचं नको. एकवीसचं मॉडेलच घ्यायचं!" पिपाणी म्हणाली आणि दोन्ही गाड्यांच्या मधोमध पाय रोवून उभी राहिली.

आवाजच असा होता की घरात तिला दुसरं नाव शोभलंच नसतं.

जुन्या गाड्यांच्या त्या आवारात दोघी शेजारीशेजारी उभ्या होत्या. कंपनी एक, रंग एक, तोराही एकच. फक्त मॉडेलचं वर्ष वेगळं: एक दोन हजार अठराचं, एक एकवीसचं. दोन्ही पेट्रोलवर आणि बॅटरीवर चालणाऱ्या. शाळेची पुस्तकं बाजूला सारून पिपाणीनं या गाडीचा पार कीस काढला होता.

"का हो तज्ज्ञबाई?" बाबांनी विचारलं.

"अठराच्या गाडीत बॅटरी मागच्या सीटच्या पाठीशी. अर्धी डिकी तीच खाते. एकवीसमध्ये ती सीटखाली गेली, डिकी मोकळी झाली. आणि मुख्य म्हणजे, एकवीसची गाडी हळू चालताना मुद्दाम आवाज काढते. घूंऽऽ! चालणाऱ्या माणसांना कळावं म्हणून. अठराची मुकाट येते, मुकाट जाते."

"साहेब, हिला आमच्याकडे नोकरीला पाठवा," दलाल हसला. "आमची पोरं नुसती चहा पितात."

बाबा हसले नाहीत. ते अठराच्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत होते.

खरं कारण पिपाणीनं सांगितलंच नव्हतं. त्यांची जुनी डिझेल गाडी सुरू झाली की तावदानं थडथडायची आणि समोरचे आजोबा खिडकीतून ओरडायचे, "निघाला रणगाडा!" सगळी गल्ली हसायची. पण मध्यंतरी पिपाणी गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेली, तेव्हा पाण्याच्या टाकीआडून बाबांची फोनवरची कुजबुज ऐकू आली. "थोडं थांब ना राणी. घरातून पाय काढणं इतकं सोपं असतं का? माझी गाडी सुरू झाली तरी गल्ली जागी होते."

कपड्यांचा ढीग छातीशी धरून ती तशीच खाली आली होती. आणि त्यानंतर लगेच बाबांनी नव्या गाडीचा विषय काढला.

तेव्हाच तिनं ठरवलं. घर मोडू द्यायचं नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, आणि ती बांधणार आपण.

आईला तिनं यातलं काही सांगितलं नाही. आई म्हणजे गरीब गाय. अलीकडे तिनं गाडी चालवायला शिकून घेतलं, तेसुद्धा "भाजीला जायला तरी यांची वाट बघायला नको" म्हणून.

"अहो, मी बसून बघू का?" आईनं विचारलं.

"बघ की. बसायला पैसे पडत नाहीत."

आई अठराच्या गाडीत बसली. तिनं सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला. मग काच खाली करून दलालाला म्हणाली, "ही मागे घेतानासुद्धा आवाज करत नाही?"

"छे हो वहिनी! फाटकाबाहेर पडेपर्यंत बॅटरीवरच. झोपलेलं मांजर कूस बदलणार नाही."

"मग हीच घेऊ या."

"आई!" पिपाणी किंचाळलीच. "डिकी बघितलीस? आपल्या तिघांच्या बॅगा मावायच्या नाहीत त्यात!"

"एक मावते ना? पुष्कळ झालं. माझं डोकं उठतं गं आवाजानं. तुझी परीक्षा आलीय, झोपमोड तरी होणार नाही."

"बघा तज्ज्ञबाई, तुमच्या आईलाही कळतं," बाबा म्हणाले आणि हसले.

बाबा दलालाशी घासाघीस करायला आत गेले. तिनं आईचा दंड धरला. "आई, ऐक माझं. आवाजाचीच बरी. कोण कधी गेलं ते कळतं तरी."

आईनं पिपाणीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"जाणारं माणूस आवाजापायी थांबतं होय गं?"

म्हणजे आईला माहीत होतं! सगळं माहीत होतं, तरी दार उघडून द्यायला निघाली होती. पिपाणीला तिचा इतका राग आला, की घरी येईपर्यंत ती आईकडे पाठ करून बसली.

गाडी आली. गल्लीला पत्ताही लागला नाही. आजोबा खिडकीत वाट बघत बसले आणि गाडी आत लागून गेलीसुद्धा.

आता पहारा आपणच द्यायचा. रोज झोपायच्या आधी ती खुंटीवरच्या बाबांच्या पँटमधून किल्ली काढायची, उशीखाली ठेवायची आणि सकाळी गुपचूप परत टाकायची. बाबांना कधी संशय आला नाही. आई एकदा दारात दिसली होती. पण तशीच स्वयंपाकघरात निघून गेली.

परीक्षा संपली. दुसऱ्या दिवशी पिपाणी उशिरा उठली. उशीखाली किल्ली होती. तिनं जांभई देत खिडकी उघडली.

फाटक सताड उघडं. गाडी नव्हती.

तिनं मुठीतली किल्ली पाहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसरी किल्ली! भाजीला जायला आईच्या पर्समध्ये असते ती! म्हणजे शेवटी आईच्याच पर्समध्ये हात घातला बाबांनी.

तिला रडू फुटलं. मग तिनं नाक पुसलं. आईला हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळता कामा नये. आता आईला आपल्याशिवाय कोण आहे?

तिनं आईच्या खोलीचं दार हळूच ढकललं.

पलंगावर बाबा तोंड उघडं टाकून घोरत होते. कपाटावरची आईची बॅग जागेवर नव्हती. शेजारच्या उशीवर आईची चादर चौकोनी घडी करून ठेवलेली होती.