ज्ञानूची कार्डं

“लिवा मास्तर. विहिरीकडं जाऊ नगंस म्हणावं.”

पिराजी मास्तरांनी पेन थांबवलं. काठमांडूच्या धर्मशाळेच्या ओसरीवर आत्ता कुठं ऊन आलं होतं. धोंडुबाई शाल लपेटून समोर बसल्या होत्या.

“आक्का, परवाच्या कार्डात बी हेच लिहिलंय.”

“आनिक लिवा. ऐकत न्हाय त्यो.”

बसच्या टपावर ताडपत्री बांधत असलेला हुसेन ड्रायव्हर वरूनच म्हणाला, “किती वर्साचा हाय तुमचा ज्ञानू?”

“औंदा चाळीस पुरी हुतील.”

“आनि तुमी नेपाळातनं राखण करताय व्हय त्याची?”

ओसरीवरची सगळी हसली. धोंडुबाईही हसल्या.

कोल्हापुरातल्या एका पेठेचं हे भजनी मंडळ. काशी करायची आणि तसंच पुढं परदेशही बघून यायचं, म्हणून बस करून निघालेलं. बत्तीस माणसं, एक मृदंग, दोन स्टोव्ह आणि कीर्तनाला सयाजीबुवा. पशुपतिनाथ झाला होता. आता उद्या परत फिरायचं, म्हणून जो तो घरचंच बोलत होता. मृदंगाची शाई गारठ्यानं सुटली होती. बायडाबाईंची एक चप्पल बागमतीत वाहून गेली होती, आणि बसमध्ये लोणच्याची बरणी फुटल्यामुळं देवाच्या फोटोपासून हुसेनच्या टोपीपर्यंत सगळ्याला तोच वास येत होता.

मास्तरांचं अक्षर चांगलं, म्हणून सगळ्यांची कार्डं त्यांच्याकडंच येत. स्वतःचं मात्र त्यांनी एकही टाकलं नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. लिहायचं कुणाला? धोंडुबाईंचा त्यांना मनातून हेवा वाटे. ही बाई मुक्काम आला की एक कार्ड टाकायची. ज्ञानदेव केरबा सुतार, हा पत्ता मास्तरांना आता पाठ झाला होता. बाकी त्या दोन वर्षांपूर्वी हुपरीकडून पेठेत राहायला आल्या आणि कीर्तनाला खांबाला टेकून बसतात, याहून जास्त कुणाला काही ठाऊक नव्हतं.

दुपारी बाजारात धोंडुबाईंनी एक रंगीत नेपाळी टोपी घेतली. लहान पोराच्या डोक्यावर बसेल एवढीच.

“नातवाला व्हय?” बायडाबाईंनी विचारलं.

“मापाची हाय,” धोंडुबाई म्हणाल्या आणि टोपी पदरात बांधली.

त्या संध्याकाळी बुवांनी कालियामर्दन लावलं. असं आख्यान रोज रोज लागत नाही. चेंडू डोहात पडला, कृष्णानं कदंबावरून उडी घेतली, यशोदा केस मोकळे सोडून काठाकडं धावली. स्वयंपाक करणारी माणसंसुद्धा पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तेवढ्यात धोंडुबाई उठल्या आणि भिंतीला धरून बाहेर गेल्या.

“देव वर यायच्या आत उठतंय व्हय कुनी?” बायडाबाई पुटपुटल्या.

सकाळी निघताना नवं विघ्न आलं. धोंडुबाईंच्या कमरेची किल्ली सापडेना. सगळं सामान खाली उतरवलं. हुसेन बॅटरी घेऊन बाकांखाली शिरला.

“ट्रंकेचीच असंल न्हवं? कुलूप फोडू की.”

“न्हाय,” धोंडुबाई म्हणाल्या. “किल्लीच पायजे.”

मास्तरांचं लक्ष ट्रंकेकडं गेलं. तिला कडीच नव्हती, ती सुतळीनं बांधलेली होती. तासाभरानं किल्ली मृदंगाच्या खोळीत मिळाली, आणि बस चालू झाली.

शेवटचं कार्ड परतीच्या वाटेवर, बनारसच्या मुक्कामात लिहिलं.

“शनवारी येतोय म्हणावं. मारुतीच्या देवळात न्यायला ये.”

काशी करून आलेल्या माणसानं आपलं आपण घरात शिरायचं नसतं. देवळात थांबायचं, घरचं माणूस येतं, पायांवर पाणी घालतं आणि मग घरी नेतं.

“तुमाला कोन येनार, मास्तर?”

“मला कोण येतंय, आक्का. माझा तांब्या मीच उपडा करतो.”

धोंडुबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. “असं करू नगासा,” त्या हळूच म्हणाल्या. “कुनीतरी यावं लागतंय.”

शनिवारी सकाळी पेठेतल्या मारुतीपुढं बँड लागला होता. हार, नारळ, पायांवर पाणी, गळामिठ्या. हुसेनची बायको सुगराही पोरांना घेऊन आली होती. दहाच्या सुमाराला देऊळ रिकामं झालं. पायरीवर ट्रंक आणि धोंडुबाई, दोघंच उरली.

“येईल न्हवं ज्ञानू?” निघता निघता मास्तरांनी विचारलं.

“येतोय की. जावा तुमी.”

मास्तर घरी गेले. पायांवर स्वतःच पाणी घेतलं, झाडलोट केली, जरा पडले. दुपारी भाजी आणायला निघाले तर धोंडुबाई तिथंच. ऊन पायरीवरून त्यांच्या मांडीवर आलं होतं आणि मांडीवर ती टोपी होती.

मास्तरांनी गाभाऱ्याजवळचा तांब्या भरून घेतला. खाली बसले आणि त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

“चला, आक्का. कामात गुतला असंल त्यो.”

धोंडुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “लई दिसांनी कोन न्यायला आलं,” म्हणाल्या आणि उठल्या.

ट्रंक मास्तरांनी घेतली. घर बोळाच्या टोकाला होतं. दाराला कुलूप होतं. धोंडुबाईंनी कमरेची किल्ली काढली.

दार ढकललं, तसा आत कागदांचा आवाज झाला. उंबऱ्याच्या आत कार्डं पडली होती. सगळी मास्तरांच्याच अक्षरातली, पहिल्या मुक्कामापासून बनारसपर्यंतची.

मास्तर दारातच थांबले. “आक्का, ज्ञानूनं वाचली न्हाईत?”

धोंडुबाईंनी टोपी भिंतीतल्या देवळीत ठेवली. मग एकेक कार्ड उचललं, पदरानं पुसलं आणि टोपीशेजारी नीट रचून ठेवलं.

“त्याला कुठं वाचाया येतंय, मास्तर,” त्या म्हणाल्या. “विहिरीकडं गेला तवा तीन वर्साचं पोर त्ये.”