धाकट्या भावाचं पुस्तक

पुस्तकात नऊ प्रकरणं होती, एकशे चौऱ्याऐंशी पानं आणि केळीच्या बागेत उभ्या असलेल्या लेखकाचा एक फोटो. लेखक म्हणजे जळगावच्या कॉलेजात शिकवणारे जीवराम. त्यांच्या शिक्षणासाठी थोरल्या लोटनभाऊंनी असोद्याचं शेत एकट्यानं ओढलं होतं.

लोटनभाऊंना वाचता येत नव्हतं. बीएस्सीला असलेली त्यांची लेक कुंदा चार दिवस ओट्यावर बसून त्यांना पुस्तक वाचून दाखवत होती. त्यात विहिरीचा खडक 'मी' फोडला होता, केळीला पाणीही 'मी'च भरलं होतं.

"लिवनाऱ्याले 'मी'च लिहा लागतं," लोटनभाऊ म्हणाले. "माह्यं नाव पुढी येईन. तू वाच."

पुस्तक संपलं.

"माह्यं नाव आलंच नाही का गं?"

"आलं, आबा. एक डाव. एकसष्टाव्या पानावर." कुंदा खाली बघत म्हणाली, "मी ती ओळ गाळली."

"आता वाच."

कुंदानं पान उघडलं आणि वाचलं, "विहिरीवर माझ्या हाताखाली आमचा सालदार लोटन असायचा."